दोन काउंटर



आज आमच्या सूनबाईंबद्दल लिहितोय. तिला विचारूनच लिहितोय. "लिहा बाबा, पण पेशंटचं नाव नको, दवाखान्याचं नको, माझंही नको," एवढीच तिची अट. ती अट का, ते पुढे कळेलच.

आधी माझ्याबद्दल थोडं. बी.कॉम. झालो आणि १९७१ साली स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये क्लार्क म्हणून लागलो. निजामाच्या काळात, १९४१ साली स्थापन झालेली ही बँक २०१७ साली स्टेट बँकेत विलीन झाली. मी त्याआधीच, २००९ साली अधिकारी म्हणून रिटायर झालो होतो. सांगायचा मुद्दा हा, की आमच्या घरात काउंटर म्हटलं की बँकेचाच. घरातली सून साडीच्या दुकानात काउंटरमागे उभी राहील असं कधी मनातही आलं नव्हतं.

सून नांदेडची, बी.ए. झालेली. मुलगा टूर्स अँड ट्रॅव्हल्समध्ये. नात शाळेत जायला लागली आणि २०११ साली सूनबाईंनी सुलतान बाजारजवळच्या एका साडीच्या दुकानात नोकरी धरली. मी विरोध केला नाही, पण नातेवाइकांनी विचारलं की "एका फर्ममध्ये असते" म्हणायचो. सौ. म्हणायची, "फर्म कसली, दुकान म्हणा की सरळ." मी पेपर वर धरायचो.

दोन वर्षांत ती फाडफाड तेलुगू बोलायला लागली. हैदराबादी उर्दू तर काय, तिच्यातला 'नक्को' मूळचा आपलाच. गद्वाल, नारायणपेठ, पोचमपल्ली, धर्मावरम, सगळं हाताला कळायला लागलं. एकदा म्हणाली, "बाबा, बाई तोंडाने काय म्हणते ते ऐकायचंच नाही. तिचा हात कुठल्या साडीवर दुसऱ्यांदा गेला, ते बघायचं." मला हे फार आवडलं. कर्ज मागायला आलेल्या माणसाकडे आम्हीही असंच बघायचो.

पण दहा-अकरा तास उभं राहायचं. पायाच्या शिरा फुगल्या. रात्री पाय भिंतीला वर लावून झोपायची. दुकानात स्टुलं होती, पण ती गिऱ्हाइकांसाठी. केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली दुकानातल्या नोकरांना बसायचा हक्क कायद्याने दिला, हे मी पेपरात वाचलं. आमच्याच घरात एक बाई त्याच कारणाने कळवळत होती, आणि मी मात्र ती 'फर्ममध्ये' असते म्हणून सांगत होतो.

मग २०२० चा मार्च. लॉकडाऊन. मुलाचं ट्रॅव्हल्सचं काम बंदच पडलं. दुकान उघडलं ते निम्म्या माणसांवर आणि निम्म्या पगारावर. घर माझ्या पेन्शनवर चाललं. त्या वेळी दुकानाच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी तिला विचारलं. त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांचं नारायणगुड्याकडे छोटं नर्सिंग होम होतं, तिथे रिसेप्शनला माणूस हवं होतं. पगार बारा हजार.

मी लगेच कागद-पेन घेतलं. दुकानात लॉकडाऊनच्या आधी पंधरा हजार, वर दसरा आणि लग्नसराईचं कमिशन. दुकान पूर्ववत झालं तर वर्षाला पन्नासेक हजारांचा तोटा. शिवाय करोनाचे दिवस, रोज आजारी माणसांत बसायचं. "हे गणित जुळत नाही," मी म्हणालो.

ती शांतपणे म्हणाली, "बाबा, साडीच्या दुकानात चाळिशी उलटली की नव्या पोरींना पुढे उभं करतात आणि आम्हाला मागे घड्या घालायला पाठवतात. दवाखान्यात जुनं माणूस जास्त उपयोगाचं. आणि तिथे खुर्ची आहे." त्या खुर्चीचा आकडा माझ्या कागदावर नव्हता. मी कागद घडी करून खिशात ठेवला.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये ती रुजू झाली. पहिला महिना फार कठीण गेला. ओपीची चिठ्ठी, जुन्या फाइली, कॉम्प्युटर, कॅशलेसचे कागद. इन्शुरन्सची मंजुरी येईपर्यंत नातेवाईक तिच्याच अंगावर ओरडायचे. संध्याकाळी कॅश जुळवायला मी शिकवली. ओपीचे वेगळे, लॅबचे वेगळे, नोटांचे मूल्यवार गठ्ठे. दहा रुपये कमी आले तरी सापडेपर्यंत उठायचं नाही.

आणि मग ती चूक झाली.

दुकानात गिऱ्हाइकाला साडीच्या नावाने हाक मारायची सवय. "गद्वालवाल्या मॅडम, बिल तयार आहे!" असं मोठ्याने. एके दिवशी बाकावर गर्दी होती, लॅबमधून पाकीट आलं, आणि हिने सवयीने हाक मारली, "मॅडम, तुमचा टीबीचा रिपोर्ट आलाय." सगळा बाक वळून बघायला लागला. त्यात त्या बाईच्याच गल्लीतली एक शेजारीण बसलेली. बाई उठल्या, पाकीट घेतलं आणि डॉक्टरांना न भेटताच निघून गेल्या. पुढच्या तारखेलाही आल्या नाहीत. फोन उचलेनात.

त्या रात्री सूनबाई जेवली नाही. साध्या टीबीलाही सहा महिने गोळ्या लागतात, सरकारी केंद्रात त्या फुकट मिळतात, पण घ्यायलाच कोणी आलं नाही तर काय? आणि मध्येच सोडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. हे सगळं ती आता शिकली होती, म्हणून जास्तच घाबरली होती. "बाबा, दुकानात माझ्या चुकीने फार तर साडी परत यायची," म्हणाली.

मी तिला आमच्या वेळचं सांगितलं. बँकेत लागताना पहिल्याच दिवशी गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही घ्यायचे. कुणाच्या खात्यात किती, हे बायकोलाही सांगायचं नाही. खातेदाराने शिल्लक विचारली तर तोंडाने आकडा बोलायचा नाही, चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवायची. पैसे काढायला आलेल्याला पितळी टोकन द्यायचं, कॅशियर नंबर पुकारायचा. बेचाळीस नंबर! बेचाळीस नंबरवाल्याने दोनशे काढले की दोन हजार, ते बाकावरच्या कुणाला कळत नसे.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. डॉक्टर रागावले, पण काढून टाकलं नाही. तेव्हापासून तिथे नंबरच पुकारला जातो. रिपोर्ट बंद पाकिटात, आणि काय बोलायचं ते आत.

राहिल्या त्या बाई. डॉक्टरांना विचारून ती रविवारी त्यांच्या घरी गेली. मी रिक्षात कोपऱ्यावर थांबलो. दारात तीच शेजारीण उभी! आता काय करणार? ही मोठ्याने म्हणाली, "मॅडम, साडीच्या दुकानातून आलेय. तुमच्या साडीच्या फॉलचा रंग जुळत नाहीये, जरा बघायला येता का?" बाईंनी हिला ओळखलं. क्षणभर तशाच उभ्या राहिल्या आणि मग चपला घालून खाली आल्या.

रिक्षापासून थोड्या अंतरावर दोघी उभ्या राहून बोलल्या. मला ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही. एवढंच दिसलं की आमच्या सुनेने हात जोडले होते. घराजवळच्या केंद्रात गोळ्या घ्यायला त्यांना लाज वाटत होती, तेव्हा लांबच्या केंद्रात नाव घालायची सोय डॉक्टरांनी करून दिली. सहा महिने पुरे झाले. शेवटच्या तपासणीला त्या आल्या तेव्हा हिने फक्त नंबर पुकारला.

दोन वर्षांपूर्वी माझा बीपी वाढला म्हणून मी तिथेच गेलो. वाटलं, सासरा आहे, सरळ आत सोडेल. तर म्हणाली, "बाबा, बसा. तुमचा अकरावा नंबर." बसलो. माझ्यापुढे नांदेडकडचे एक आजोबा होते, रात्रीच्या गाडीने आलेले, धोतर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रे. तोडक्यामोडक्या हिंदीत काहीतरी विचारत होते. ही म्हणाली, "आजोबा, मराठीत बोला. मी नांदेडचीच." म्हातारा रडायलाच लागला. तिने आधी पाणी दिलं, मग इथली आरोग्यश्री तेलंगणातल्या कार्डवाल्यांसाठी आहे, आपलं महाराष्ट्राचं कार्ड या दवाखान्यात चालणार नाही, हे हळू आवाजात, न लपवता सांगितलं. कुठली तपासणी आज लगेच लागेल आणि कुठली परत नांदेडला सरकारी दवाखान्यात होईल, ते डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून दिलं. मराठवाडा १९५६ साली हैदराबाद राज्यातून बाहेर पडला, पण दुखणं अजून त्याच जुन्या वाटेने इथे येतं.

तिथे बसून मला कळलं की हात कुठे दुसऱ्यांदा जातो हे ती अजूनही बघते. आजोबांचा हात सारखा छातीकडे जात होता, आणि ते मात्र गुडघा दाखवत होते. तिने आत जाऊन डॉक्टरांना तेवढं सांगितलं आणि नंबर मोडून त्यांना आधी पाठवलं. माझा अकरावा नंबर बारावा झाला. मी काही बोललो नाही.

यंदा गणपतीत एका जुन्या सहकाऱ्याने विचारलं, "सूनबाई काय करतात?" मी म्हणालो, "दहा वर्षं साडीच्या दुकानात होती. आता दवाखान्यात रिसेप्शनला असते." ती प्रसादाच्या वाट्या घेऊन मागेच उभी होती. मला माहीत नव्हतं.

घरी येताना म्हणाली, "बाबा, आज फर्म बंद केली वाटतं."

हौ, म्हटलं. केली.