पाय घसरून

सेलू तालुक्यातलं वालूर अलीकडे बारवांचं गाव म्हणून ओळखलं जातं. गावकऱ्यांनी श्रमदान करून गाळ उपसला, झाडोरा काढला आणि गावातली चक्राकार बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, मोकळी झाली. फिरत फिरत पाण्याकडे उतरणाऱ्या तिच्या पायऱ्या बघायला आता लांबून लोक येतात. मी न्यायवैद्यकशास्त्राची डॉक्टर, याच भागातली. बारवेच्या काठावर उभी राहिले की मला आमच्या कागदांमधलं एक ठरलेलं वाक्य आठवतं. मराठवाड्यातल्या आकस्मिक मृत्यूच्या कागदांत ते पुन्हा पुन्हा भेटतं: 'पाणी आणण्यास गेली असता पाय घसरून विहिरीत पडून पाण्यात बुडून मयत.'

साध्या विहिरीच्या काठावरून तोल गेला तर माणूस थेट पाण्यात पडू शकतो. बारवेचं तसं नाही. तिथं पायऱ्या पाण्याच्या आतपर्यंत गेलेल्या असतात. शेवाळलेल्या पायरीवरून घसरणारी बाई आधी दगडावर आपटते. कोपर, ढोपर, माकडहाड, पाठ, यांपैकी कुठंतरी खरचटतं, सूज येते. लुगडं घासल्याच्या खुणा राहतात. खरचटल्या जागी कधी शेवाळाचा हिरवा अंशही सापडतो. अंगावर एकही ओरखडा नसेल, तर 'पाय घसरून' या शब्दांपाशी थांबून पुन्हा विचारायला हवं. ती कुठल्या पायरीवर होती? त्या दिवशी पाणी किती पायऱ्या खाली होतं? घागर कुठं सापडली, भरलेली होती की रिकामी?

शरीर काही गोष्टी सांगतं. नाकातोंडाशी बारीक पांढरा फेस, पुसला तरी पुन्हा येणारा. फुगलेली, जड फुप्फुसं. घट्ट आवळलेल्या मुठीत शेवाळ किंवा पाणगवत. हे असलं की बाई जिवंतपणी पाण्यात गेली, असं म्हणता येतं. हातापायांची पांढरी, सुरकुतलेली कातडी मात्र एवढंच सांगते की देह काही वेळ पाण्यात होता. मेल्यावर टाकलेल्या देहाचीही ती तशीच होते. आणि जिवंतपणी पाण्यात गेली हे पक्कं झालं, तरी ती घसरली, स्वतः उतरली की कुणी ढकलली, हे फुप्फुस चिरून कळत नाही. ते त्या जागेवरून आणि माणसांच्या जबाबांतून कळतं. म्हणून पहिल्या काही तासांत गावात काय विचारलं गेलं आणि काय लिहिलं गेलं, यावर सगळं अवलंबून असतं.

एकोणिसाव्या शतकात वालूर निजामाच्या मुलखात होतं. निजामाचा दिवाण पहिला सालारजंग यानं १८६५च्या सुमारास जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलूख जिल्ह्यांत विभागला, आणि कारभाराला नवी घडी बसली. पण गावात सरकार म्हणजे वतनदारच होते. वसुलीचा माली पाटील, बंदोबस्ताचा पोलीस पाटील आणि लिहिणारा कुलकर्णी. विहिरीत प्रेत दिसलं की खबर द्यायची पाटलानं, पंच जमवायचे पाटलानं, मग तालुक्याहून पोलिसांचा अमीन येणार. जबाब देणारी बाई मराठीत बोलणार आणि कागद होणार फारसीत, पुढं उर्दूत. पाटील वाईटच असायचा, असं मला म्हणायचं नाही. पण मयत सून ज्या वाड्यातली, तो वाडा त्याच्याच भावकीतला असू शकत होता आणि पंच त्याच आळीतले.

त्याआधी मराठेशाहीत एका घराण्यातल्या माणसानं दुसऱ्या घराण्यातला माणूस मारला तर खुनकत म्हणून जमीन देऊन तंटा मिटवण्याची रीत होती. तिथं मेलेल्याच्या मागं दावा सांगणारं घराणं उभं असे. सासरी मेलेल्या सुनेच्या मागं कोण उभं राहणार? माहेर चार मजलांवर, आणि सांगावा पोचेपर्यंत चिता विझलेली.

मुंबई शहरात एकोणिसाव्या शतकात वेगळी व्यवस्था होती. १८७१च्या कायद्यानं तिथल्या कॉरोनरला, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, ज्यूरी बसवून उघड चौकशी करण्याचा अधिकार दिला होता. २५ एप्रिल १८९१ रोजी राजाबाई टॉवरवरून दोन पारशी तरुणी पडून मेल्या. त्यांचा मृत्यू कसा झाला, यावर सगळं शहर वाद घालत होतं. मुंबईचं कॉरोनरचं पद १९९९मध्ये बंद झालं. खेड्यापाड्यांना ते कधी मिळालंच नव्हतं.

कॉरोनर असला म्हणजे न्याय झाला, असंही नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत त्याच शतकात प्रत्येक काउंटीला कॉरोनर असे. शेजारपाजारचे गोरे पुरुष ज्यूरी म्हणून प्रेताभोवती जमत. गुलाम मेला तर त्याचा मालक त्याच ज्यूरीच्या ओळखीपाळखीतला. 'ईश्वराच्या मर्जीने मृत्यू' असा निकाल या चौकशांमध्ये सर्रास लिहिला जाई. आपल्याकडं सुनेच्या बाबतीत तेच काम 'पोटदुखीला कंटाळून जीव दिला' या शब्दांनी केलं. पोटदुखी कधीपासून, औषध कुणाचं घेत होती, हे कुणी विचारत नव्हतं. मी असे कागद वाचते तेव्हा पोट उघडल्यावर आजाराची काही खूण सापडली का, हे आधी बघते. शवविच्छेदनात काहीच सापडलेलं नसतानाही ते वाक्य खाली तसंच राहिलेलं असतं.

पण याच शतकात, विहिरीतल्याच एका मृत्यूची चौकशी अतिशय कडक झाली. पुण्यात सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. गर्भ पाडण्याचे प्रयत्न फसले. बाळंत झाल्यावर अब्रूच्या भीतीनं तिनं मूल मारलं आणि विहिरीत टाकलं. प्रेत सापडलं, खटला चालला, जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. जोतीराव फुल्यांनी १८८४मध्ये सक्तीच्या वैधव्यावर सरकारला जे टिपण दिलं, त्यात ही हकीकत आहे. या प्रकरणानंतरच त्यांनी आणि सावित्रीबाईंनी १८६३मध्ये आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं आणि हवं तर मूल तिथंच ठेवून जावं, अशी त्यात सोय होती.

काशीबाईच्या प्रकरणाचा विचार मी माझ्या विषयाच्या बाजूनं अनेकदा करते. अशा खटल्यात पहिला प्रश्न असतो, मूल जिवंत जन्मलं होतं का. त्यासाठी जुनी परीक्षा म्हणजे बाळाची फुप्फुसं पाण्यात टाकून बघायची. तरंगली तर त्यानं श्वास घेतला, बुडाली तर नाही. शिकायला सोपी आणि म्हणूनच घातक. विल्यम हंटर या इंग्लंडमधल्या नामवंत शरीरशास्त्रज्ञानं १७८३मध्येच बजावलं होतं की या परीक्षेवर विसंबून बायकांना फासावर देऊ नका. प्रेत कुजायला लागलं की आतल्या वायूनं फुप्फुसं तशीही तरंगतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कुजण्याला फार वेळ लागत नाही. विहिरीतून दोन-तीन दिवसांनी काढलेल्या अर्भकाचं फुप्फुस तरंगलं, यावरून मी आज काहीही ठामपणे लिहिणार नाही.

काशीबाईला ज्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागली, ती शास्त्रीबुवाला द्यावी लागली नाहीत. १८८१मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येसाठी फाशी सुनावली गेली, पुढं ती कमी झाली. या खटल्यावरून वर्तमानपत्रं बायकांच्या चारित्र्यावर तुटून पडली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. बुलढाणा म्हणजे आमच्या शेजारचाच मुलूख. ताराबाईंना मी आमच्या शास्त्राच्या वाटेवरच्या लेखिका मानते. एकाच मृत्यूत दोन माणसं गुंतलेली असताना जबाब एकाचाच का घेता, असा त्यांचा रोख होता.

विधवेचं मूल विहिरीत सापडलं की घराण्याची अब्रू तिच्याविरुद्ध जायची, आणि सून विहिरीत सापडली की तीच अब्रू तिच्या मृत्यूवर पांघरूण घालायची. मला या शतकाबद्दल सांगायचं आहे ते एवढंच. तपासाची हत्यारं तेव्हाही होती. ती कुणावर चालवायची, हे गावातले मानकरी ठरवत होते.

हे बदलायला पुढची शंभर वर्षं गेली. १९८३मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, सासरच्या छळाचं कलम ४९८-अ आलं. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईनं आत्महत्या केली किंवा तिच्या मृत्यूबद्दल संशय असला, तर शवविच्छेदन बंधनकारक झालं. १९८६मध्ये हुंडाबळीचं कलम आलं. अशा मृत्यूत आता प्रेताचा पंचनामा तहसीलदार येऊन करतात. १ जुलै २०२४पासून या चौकशीचं, दंड प्रक्रिया संहितेतलं कलम १७४ नव्या संहितेत १९४ झालं आहे. आकडा बदलला, गावातली पहिली माणसं तीच राहिली. वंशपरंपरेचं पाटीलपण साठच्या दशकात गेलं. पण आजचा नेमलेला पोलीस पाटीलही गावातलाच असतो आणि पंचही.

म्हणून माझं मागणं पोलीस पाटलांकडं आणि पंचांकडं आहे. सेलू असो की मंठा, विहिरीपाशी पोचल्यावर प्रेत काढायची घाई करण्याआधी मोबाइलवर काठाचे, पायऱ्यांचे, चपलांचे फोटो घ्या. चपला एकमेकींशेजारी काढून ठेवल्यात की एक काठावर आणि एक पाण्यात, ते लिहा. पाण्याची पातळी पायऱ्या मोजून लिहा. बांगड्यांचे तुकडे कुठं पडलेत, ते बघा. हाताची मूठ उघडू नका, आहे तशी पिशवीत बांधून आमच्याकडं पाठवा. माहेरच्यांना फोन केल्याची वेळ लिहा आणि ते येईपर्यंत थांबा. जबाब घेताना सासूबाई मध्ये बोलत असतील, तर थोरल्या जावेला बाजूला घेऊन वेगळं विचारा. 'पाय घसरून' हे वाक्य खबर देणाऱ्याच्या तोंडचं असेल, तर ते त्याच्याच नावावर लिहा. पंचांचं मत म्हणून नको.