आधी पाठ बघ

काकांकडे कुठलीही तसबीर आली की ते ती आधी पालथी करत. मागची फळी, गंजलेल्या चुका, कसरीने पाडलेली भोकं, चौकटवाल्याची अर्धी उरलेली चिठ्ठी. मी घाईने चित्राकडे वळले की म्हणायचे, "अगं, देवी कुठे पळून जात नाहीये. ती कुणाच्या घरी होती ते तर बघ आधी."

बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरून छापील चित्रं जमवायचा. मूळ तैलचित्रांचं त्यांना फारसं अप्रूप नव्हतं. ती राजवाड्यात राहिली, छापील चित्रं मात्र माजघरात आली, एवढंच त्यांचं म्हणणं. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. त्यामुळे चित्राच्या खालच्या पट्टीत मुंबई छापलंय की कार्ला-लोणावळा, हे वाचायची सवय त्यांनी मला लावली. ही पट्टी चौकटीत बसवताना हमखास कापली जाते, त्याचा त्यांना मनस्वी राग.

मग भिंग हातात यायचं. दगडावरच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. लक्ष्मीच्या गालावर भिंग धरलं की गुलाबी, पिवळे, निळसर ठिपके दिसतात, आणि ते ओळीत नसतात, कारण कारागिराने ते हाताने दिलेले असतात. अलीकडच्या नकलेत ठिपके कवायतीला उभे असल्यासारखे. खरं-खोटं ओळखण्याची याहून चांगली शिकवणी मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही.

काका गेले तेव्हा काकूंनी शोकसभा नको म्हणून सांगितलं. "भाषणं त्यांना कधी ऐकवायची नाहीत. त्यापेक्षा या, चित्रं बघा." तेव्हापासून आम्ही चार-पाच जण अधूनमधून त्यांच्याकडे जमतो. एका वेळी एकच तसबीर काढायची, एवढा नियम. वेगवेगळी माणसं आहेत, एक तर छपाईच्या धंद्यातलेच, त्यामुळे वाद भरपूर होतात.

परवा जरीची लक्ष्मी काढली. रविवर्मांचीच, कमळावर उभी, बाजूला सोंडेत हार घेतलेला हत्ती. पण कुणीतरी तिला खऱ्या कापडाचं लुगडं नेसवलंय, काठाला जर, गळ्यात टिकल्यांचे हार. असं चित्र बरेच संग्राहक नाकारतात, मूळ छपाई झाकली गेली म्हणतात. काकांनी तिला कोऱ्या चित्राइतकेच पैसे मोजले होते. मला स्वतःला ते जरा जास्तच वाटलं होतं, अजूनही वाटतं.

आम्ही सगळे भिंगातून चेहरा बघत बसलो होतो. काकू चहा ठेवून वाकल्या आणि म्हणाल्या, "काठाची जर वेगळी आहे आणि या टिकल्या वेगळ्या. या प्लास्टिकच्या आहेत की." खरंच होतं. काठाची जर काळवंडलेली, टाके बारीक, एकसारखे. गळ्यातल्या टिकल्या मात्र लखलखीत, जाड दोऱ्याने घाईत ओवलेल्या. म्हणजे कुणीतरी हौसेने सजवलं आणि खूप वर्षांनी, बहुधा हार तुटल्यावर, दुसऱ्या कुणीतरी तो पुन्हा केला. प्लास्टिकचा हार काढावा का, यावर छपाईवाले आणि मी चांगलेच भांडलो. मी म्हटलं राहू दे. मागच्या गंजक्या चुका मात्र काढल्या, त्यांचा डाग कागदात उतरू लागला होता.

काकांच्या नोंदवहीत या चित्रापुढे लिहिलं होतं, 'जरीकाम एकाच हाताचे.' काकूंनी ते खोडू दिलं नाही. त्याखाली मला लिहायला लावलं, 'दोन हातांचे', आणि तारीख टाकायला सांगितली.

पुढच्या वेळी पुण्याच्याच चित्रशाळा छापखान्याचं रामपंचायतन काढायचंय. त्याची काच तडकली आहे, तेव्हा आधी पट्टी न कापता काच बसवून देणारा चौकटवाला शोधणं आलं.