कानामागून

कानामागून आली आणि तिखट झाली. या म्हणीचा मिरचीशी काही संबंध नाही, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तिखट म्हणजे तीक्ष्ण. वासरू जन्मतं तेव्हा त्याला कान असतात. शिंगं मागाहून फुटतात आणि टोकदार होतात, कान मात्र लोंबतच राहतात. म्हणजे बोलणं शिंगांचं. शिंगं आली, शिंगं तिखट झाली. चक्क नपुंसकलिंगी अनेकवचन. पण रूप तेच, म्हणून ऐकणाऱ्याला ‘ती’ ऐकू आली. कोणीतरी बाई. नवी सून, धाकटी जाऊ, काल रुजू झालेली शिक्षिका. व्याकरणाने फट ठेवली आणि लोकांनी तीत बाई बसवली, असं माझं आपलं एक अनुमान.

आणखी एक. ही म्हण शिंग कधीच बोलत नाही. बोलतो तो कान.

इकडे जर्मनीत, बर्लिनच्या वेडिंग भागात ट्राम ‘लुईझे-श्रोडर-प्लाट्झ’ला थांबते. उतरणाऱ्यांच्या हातात भाजीच्या पिशव्या असतात, चौकाच्या नावाकडे कोणी बघत नाही. मीही कैक वर्षं बघितलं नव्हतं. मे 1947मध्ये या लुईझे श्रोडरबाईंकडे पडझड झालेलं बर्लिन आलं, तेही ‘तात्पुरतं’. आधीचे महापौर पायउतार झाले होते. 24 जूनला एर्न्स्ट रॉयटर रीतसर निवडून आले, पण सोव्हिएत बाजूने त्यांना मान्यता दिली नाही. मग श्रोडरबाईच चालवत राहिल्या. बरोब्बर एक वर्षाने, 24 जून 1948ला, शहराच्या पश्चिम भागाची नाकेबंदी सुरू झाली. पीठ आणि कोळसा विमानांतून उतरू लागला. साठी ओलांडलेल्या बाई, त्यात प्रकृती खालावलेली. मध्ये काही महिने त्यांच्या जागी फ्रीडेन्सबुर्ग यांनी काम पाहिलं. प्रभारींचेही प्रभारी!

या 1919 साली जर्मनीच्या राष्ट्रीय सभेत निवडून आलेल्या. हिटलरच्या काळात हॅम्बुर्गात पावाचं दुकान चालवून पोलिसांत हजेरी लावलेल्या. म्हणजे कानामागून वगैरे काही नाही. तरी डिसेंबर 1948मध्ये रॉयटर यांना पश्चिम बर्लिनची खुर्ची मिळाली, तेव्हा श्रोडरबाई बाजूला सरल्या आणि त्यांच्या हाताखाली काम करू लागल्या. हे वाचताना मला राग येतो. कुणाचा, ते ठरत नाही.

कारण तिकडे अमेरिकेत, ओक्लाहोमात, मूळनिवासी चेरोकी राष्ट्राच्या विल्मा मॅनकिलर. त्यांनी 1983 साली उपप्रमुखपदाची निवडणूक लढवली तेव्हा बाई नको म्हणून धमक्या आल्या, गाडीचे टायर फाडले गेले. 1985मध्ये प्रमुख रॉस स्विमर सरकारी नेमणुकीवर वॉशिंग्टनला गेले आणि खुर्ची यांच्याकडे आली. इथवर गोष्ट तीच. पण 1987मध्ये त्या स्वतः उभ्या राहिल्या, जिंकल्या; 1991मध्ये तर ऐंशी टक्क्यांहून जास्त मतांनी. बेल नावाच्या गावात त्यांनी लोकांकडूनच चर खणून घेऊन पंचवीसेक किलोमीटर पाण्याची नळवाहिनी टाकून घेतली होती, ते लोक विसरले नव्हते. (इथे जर्मनीत कार्ल मायच्या अमेरिकन मूळनिवाशांवरच्या कादंबऱ्यांवर वाढलेल्यांच्या डोळ्यांपुढे टोळीप्रमुख म्हणजे घोड्यावरचा पुरुष. नळवाहिनीवाली बाई त्यात कुठे बसणार?) मॅनकिलर हे आडनाव म्हणजे मुळात गावाच्या रखवालदाराचा जुना किताब. शिंगं नावातच.

तर एक तिखट झाली आणि एक परत फिरली, असं मी म्हणू लागते आणि आत्या मध्ये येते.

आत्या एका शाळेची तीन वर्षं प्रभारी मुख्याध्यापिका होती. ‘प्रभारी’ हा शब्द ती सहीखाली इतका बारीक लिहायची की शिक्क्याच्या शाईत बुडून जायचा. तिच्या मागे शिक्षकांच्या खोलीत ही म्हण बोलली जायची; तिला ती ऐकू यायची, कारण दार लागत नसे. कार्यालयात मुख्याध्यापकांच्या नावांचा काळा फळा होता, पिवळ्या अक्षरांत रंगवलेला. एकाची कारकीर्द 1986ला संपते, पुढची 1989ला सुरू होते. मधल्या वर्षांत शाळा भरलीच नसावी.

कायमचे मुख्याध्यापक आले, त्या दिवशी तिने कपाटाच्या किल्ल्या नव्या सुतळीत ओवून दिल्या. ही सुतळी मी आयुष्यभर अन्यायाची गोष्ट म्हणून सांगत आलेय. इथे, जर्मन मैत्रिणींनाही.

मागच्या दिवाळीत ती तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, “आत्या, ती खुर्ची तुझीच होती गं.”

“अर्ज कुठे केला होता मी?” ती म्हणाली.

“का नाही केलास?”

तिने सूप कलतं केलं, एक खडा चिमटीत धरून उजेडाकडे नेला, जरा वेळ पाहिला. “हा तांदूळच आहे की गं,” म्हणाली, आणि परत टाकला.