समुद्र समोर, पण पोहायचं जाळ्यात!

चला दोस्तांनो, नकाशा काढा. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला क्वीन्सलंड राज्य आहे. त्याच्या किनाऱ्यावर बोट वर वर सरकवत नेलंत की केर्न्स शहर सापडेल. तिथून उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवर पाम कोव्ह नावाचा किनारा आहे. आज आपण तिथे आहोत असं समजा.

महिना डिसेंबर. आपल्याकडे ट्रंकेतून स्वेटर निघालेले असतात, पण तिथे ऐन उन्हाळा! नुसतं उभं राहिलं तरी घामाच्या धारा. काठाला नारळाची झाडं, समोर कोमट पाणी, आणि लाटाही अगदी सौम्य. कारण बाहेर ग्रेट बॅरिअर रीफ आहे ना, ती मोठ्या लाटा अडवते. तुम्ही शर्ट काढून धूम ठोकणार, एवढ्यात लक्षात येतं, अरेच्चा! एवढा लांबलचक किनारा, पण पाण्यात माणूस नाही! जी काही मंडळी डुंबताहेत ती सगळी एका जाळ्याच्या कुंपणात. आणि शेजारच्या खांबावर अडकवलीय चक्क व्हिनेगरची बाटली. समुद्रावर लोणचं घालतात की काय?

नाही. ही सगळी तयारी आहे बॉक्स जेलीफिशसाठी.

या प्राण्याचं अंग म्हणजे काचेसारखी पारदर्शक, चौकोनी घंटा. मोठ्या जेलीफिशची घंटा जवळजवळ फूटभर रुंद असते. चार कोपऱ्यांतून लोंबणारे धागे साठपर्यंत, आणि एकेक धागा तीन मीटरपर्यंत लांब. त्याला मेंदू नाही, पण डोळे चोवीस! धाग्यांवर लाखो सूक्ष्म पेशी असतात आणि प्रत्येकीत गुंडाळून ठेवलेली विषारी सुई. कातडीचा स्पर्श झाला की सुया सुटतात. अंगावर चाबकाचे वळ उठावेत तशा रेघा उठतात. फार धागे लागले तर हृदय काही मिनिटांत बंद पडू शकतं. ऑस्ट्रेलियात आजवर साठाहून अधिक माणसं अशी गेली आहेत.

गंमत म्हणजे हा प्राणी लहानपणी खाड्यांत, दगडांच्या खालच्या बाजूला चिकटून वाढतो. पावसाळ्याच्या सुमारास तो समुद्रात येतो. म्हणून तिथले लोक साधारण नोव्हेंबर ते मे हे महिने धोक्याचे मानतात.

जानेवारी 1955 मध्ये केर्न्सच्या दक्षिणेला, कार्डवेल गावी, पाच वर्षांचा एक मुलगा उथळ पाण्यात असताना या दंशाने गेला. तोवर दोष दुसऱ्याच जेलीफिशवर ढकलला जायचा. केर्न्सचे डॉक्टर ह्यूगो फ्लेकर यांनी पोलिसांना सांगून तिथल्या पाण्यात जाळं टाकायला लावलं. जाळ्यात आलेले प्राणी त्यांनी अॅडलेडला साउथकॉट या तज्ज्ञाकडे धाडले. ही तर विज्ञानाला ठाऊकच नसलेली जात निघाली! 1956 साली तिला फ्लेकर यांचंच नाव मिळालं.

पण एक कोडं उरलंच होतं. काही लोकांना पाण्यात किंचित चावल्यासारखं व्हायचं. वळ नाही, रेघ नाही. माणूस घरी जायचा, आणि अर्ध्या तासाने पाठीत भयंकर कळा, उलट्या, घाम, आणि 'आता मी मरणार' अशी भीती. पाण्यात तर कुणाला काही दिसलेलं नसायचं! फ्लेकर यांनी या दुखण्याला 1952 साली नाव दिलं इरुकांजी. केर्न्सच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या मूळ रहिवाशांच्या जमातीचं हे नाव.

गुन्हेगार शोधला केर्न्सच्याच डॉक्टर जॅक बार्न्स यांनी. तो नक्कीच इवलासा आणि पारदर्शक असणार, हा त्यांचा तर्क. मग काय, ते तासन् तास उथळ पाण्यात पडून राहत आणि डोळ्यांत तेल घालून बघत. अखेर डिसेंबर 1961 मध्ये सापडला! घंटा जेमतेम सेंटीमीटरभर. पण हाच तो, हे सिद्ध कसं करायचं? बार्न्स यांनी त्याचा दंश करून घेतला स्वतःला, एका तरुण जीवरक्षकाला आणि आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला! अर्ध्या तासात तिघंही कळवळू लागले आणि तिघांनाही हॉस्पिटलात न्यावं लागलं. सुदैवाने तिघं वाचले. कोडं सुटलं, हे खरं. पण स्वतःवर केलं ते ठीक, पोरावर? मला काही ते पटत नाही. तुम्हीच ठरवा.

हा इवला प्राणी सुरक्षा-जाळ्याच्या भोकांतूनही आत शिरतो. 2002 साली अशा दंशानंतर दोन परदेशी पर्यटक दगावले. म्हणून जाळ्यातसुद्धा लोक मान ते घोटे झाकणारा पातळ सूट घालतात. पूर्वी हे सूट नव्हते, तेव्हा तिथले दणकट जीवरक्षक बायकांचे नायलॉनचे लांब स्टॉकिंग्ज चढवून पाण्यात उतरायचे. हसू नका, त्यांचे पाय वाचायचे!

आता व्हिनेगरचं. आधी लोक दंशावर स्पिरिट ओतायचे. 1980 साली प्रयोगांतून कळलं की स्पिरिटमुळे उरलेल्या सुया उलट सुटतात, आणि व्हिनेगरमुळे त्या गप्प बसतात. त्याने वेदना थांबत नाहीत बरं का, आणखी विष आत जाणं थांबतं. निदान तीस सेकंद ओतायचं, चोळायचं अजिबात नाही, आणि आधी आरडाओरडा करून जीवरक्षकाला बोलवायचं.

पण हे ऐकून जुहूला बाटली घेऊन जाऊ नका! पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर निळ्या फुग्यासारखी ब्लूबॉटल वाहून येते, तो प्राणी वेगळा. तिच्यावर व्हिनेगर नको. धागे काढून सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटं ठेवायचा. वाळूत मरून पडलेली ब्लूबॉटलही डसते, तेव्हा काडीने टोचून बघण्याचा मोह आवरा.

पुन्हा पाम कोव्हला येऊ. तो बघा, एक जीवरक्षक आलाच. अंगात सूट, हातात बारीक विणीचं जाळं. कुंपणाच्या आतल्या पाण्यातून तो ते ओढत नेतो आणि आत काय आलं ते निरखून बघतो. शोधतोय ती वस्तू नखाएवढी आणि पाण्याच्याच रंगाची. ती सापडली तर आज किनारा बंद. नाही सापडली, तर सूटची चेन गळ्यापर्यंत ओढा आणि मारा उडी.