दोन पाटील आणि एक बग

शनिवारी सकाळी साडेआठला बाबांची हाक आली, "उठलास का रे? माझा प्रोग्राम बिघडलाय." आयटीवाल्यांसाठी शनिवारची साडेआठ म्हणजे मध्यरात्रच! पण उठलो. कारण सांगतो.

बाबा गणिताचे शिक्षक, आता निवृत्त. दोन महिन्यांपासून पायथन शिकताहेत. भाचीसाठी शब्द ओळखायचा खेळ चाललाय, आपला हँगमॅन. फक्त माणसाला फाशी देणं त्यांना पटेना, म्हणून झाडाला सहा आंबे. अक्षर चुकलं की एक आंबा पडतो.

मागच्या रविवारी असाच एक बग आला, तेव्हा मी कीबोर्ड ओढून घेतला आणि दोन मिनिटांत सगळं दुरुस्त करून दिलं. बाबा "बरं" म्हणाले. मग चार दिवस त्यांनी लॅपटॉप उघडला नाही. शेवटी आई म्हणाली, "तुला वर्गमूळ शिकवताना त्यांनी कधी तुझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली होती का रे?" विषय संपला.

त्यामुळे या वेळी हाताची घडी, तोंडावर बोट.

शब्द होता बनाना, इंग्रजी स्पेलिंगचा. त्यात 'ए' तीनदा येतो. पण 'ए' टाकला की फक्त दुसरी रेघ भरायची, बाकीच्या दोन रिकाम्याच. पुन्हा 'ए' टाकला तरी तेच. खेळ जिंकताच येईना! मला कारण दहा सेकंदांत दिसलं. ते न सांगता बसणं किती अवघड असतं म्हणून सांगू...

"बाबा, कागद घ्या. कॉम्प्युटर जे करतो ते ओळीओळीने तुम्ही करा."

एका ओळीत त्यांनी 'इंडेक्स' वापरून अक्षराची जागा शोधली होती. मी म्हटलं, ती जागा प्रिंट करून बघा. उत्तर आलं 1 (पायथन शून्यापासून मोजतो, म्हणजे दुसरं घर). परत 'ए' टाकला, परत 1. बाबा चष्मा काढून स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे वर्गात दोन पाटील असतील तर हा पहिल्याची हजेरी घेऊन रजिस्टर मिटतो!"

मी पाच वर्षं कोड लिहितोय. इंडेक्सचं इतकं नेमकं वर्णन मला कधी सुचलं नसतं.

उपायही त्यांनीच काढला. फॉर लूप लावायचा, एकेका घरात जायचं, अक्षर जुळलं तर रेघ पुसायची. तीनही 'ए' हजर!

मग उत्साहात त्यांनी मराठी शब्द टाकला, पुणे. रेघा आल्या चार! आता तोंडावर बोट ठेवायची गरजच नव्हती, कारण मलाही पटकन सुचेना. युनिकोडमध्ये प, उकार, ण आणि मात्रा ही चार वेगळी चिन्हं, आणि पायथन तीच मोजतो. 'महाराष्ट्र' तर दहा भरतो.

"सोपं आहे की," बाबा म्हणाले. "काना-मात्रेला स्वतःचं घर नाही, ती आधीच्या अक्षरात राहणार. आणि पाय मोडका असेल तर पुढचं अक्षरही त्याच घरात." कोडमध्ये उतरवायला दुपारचे दोन वाजले. अर्धा तास तर एक स्पेस जास्त पडली होती ती शोधण्यात गेला. पण महाराष्ट्र चार घरांत बसला. कीबोर्डला मी हातही लावला नाही.

संध्याकाळी भाची पाच आंबे पाडून जिंकली.

सोमवारी ऑफिसात नवी मुलगी विचारायला आली, "सर, हे चालत नाहीये, जरा बघता का?" तिचा कोड मी नेहमी स्वतःच दुरुस्त करून देतो, वेळ वाचतो म्हणून. हात माऊसकडे गेलाच होता...

तिच्यापुढे कागद सरकवला.