कारभारी निवडताना

हरणाऱ्या संघाच्या दारात सल्लागारांची कधी वाण पडत नाही. तीन सामने गमावले की ज्याने आयुष्यात बॅट हाती धरली नाही तोही ‘आता माणूस बदला’ असे सांगून जातो. माणूस बदलणे सोपे असते. सूचना, अनुमोदन आणि चहा एवढ्यात ते उरकते. मात्र नव्याने आणलेल्या माणसाच्या हाती नेमके काय सोपवायचे याचा विचार करायला बैठकीत वेळ उरत नाही. गेली दोन वर्षे हा विषय आम्हाला फार जवळून पाहावा लागला आणि त्यातून जे सुचले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

आमच्या रत्नागिरीचे नाव क्रिकेटमध्ये अलीकडे बरेच गाजले. महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ साली सुरू झाली आणि रत्नागिरी जेट्स या संघाने २०२३ व २०२४ अशी सलग दोन वर्षे ती जिंकली. सामने झाले पुण्याजवळच्या गहुंज्याच्या मैदानावर. पण इकडे मांडवीपासून कुवारबावपर्यंत जो तो जणू आपणच चेंडू टाकल्यासारखा हिंडत होता. त्याच दिवसांत, ज्या लहानशा क्रीडामंडळाच्या कार्यकारिणीवर आम्ही आहोत, त्याचा संघ मात्र ओळीने हरत होता. आमच्या धर्मग्रामातील चार मुले त्या संघात खेळतात. बाकीची मिरकरवाड्यातील, कोळीवाड्यातील आणि आसपासच्या वाड्यांमधील. सरावाला कधी आठ येत, कधी सहा. दोन चांगले खेळाडू नोकरीसाठी मुंबईला निघून गेले होते. ‘आणखी एक वर्ष असेच गेले तर संघ मोडून मैदानाचे भाडे तरी वाचवू,’ असे खजिनदारांनी सरळ बोलून दाखवले होते. अशा वेळी संघाचा कारभार पाहणारा नवा व्यवस्थापक निवडायचे ठरले आणि तिघांच्या निवड समितीत आमचे नाव आले.

उमेदवारही तीनच होते. पहिले मुंबईत वरच्या दर्जाचे क्रिकेट खेळलेले गृहस्थ. नाव मोठे, महिन्यातून दोनदा येऊन जाईन म्हणाले. दुसऱ्याची शिफारस आमच्या एका देणगीदारांनी केली होती आणि शिफारशीबरोबर बॅटी, पॅड व गणवेश येणार होते. तिसरे एका शाळेतून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक, ज्यांना सारे गाव गुरुजी म्हणते. त्यांनी अर्जासोबत वहीची चार पाने जोडली होती आणि त्यांत मुलांची नावे, त्यांच्या कामाच्या वेळा आणि कोणाच्या घरी कोण आजारी आहे, इथपर्यंत नोंदी होत्या.

बैठकीआधी आम्ही थोडे वाचन केले. इतरांनी अशा वेळी काय केले हे पाहिल्यावाचून मत देऊ नये, अशी आमची जुनी सवय आहे. पहिले उदाहरण घरचेच निघाले. विदर्भाचा संघ रणजी करंडकात १९५७-५८ पासून खेळत होता. साठ वर्षांत त्याने अंतिम फेरीही पाहिली नव्हती. २०१७ साली त्यांनी चंद्रकांत पंडित यांना प्रशिक्षक म्हणून आणले. हे पंडित त्या वेळी विजयी वीर म्हणून मिरवत नव्हते. त्यांच्या हाताखाली मुंबईने २०१५-१६ चा करंडक जिंकला होता खरा. पण जानेवारी २०१७ मध्ये इंदूरच्या मैदानावर गुजरातकडून अंतिम सामना हरल्यावर मुंबईने पुढच्या हंगामासाठी दुसरा प्रशिक्षक नेमला. एकाने सोडलेला माणूस दुसऱ्याने घेतला. वर्षभराने, १ जानेवारी २०१८ रोजी, त्याच इंदूरमध्ये विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवले. रजनीश गुरबानीने त्या सामन्यात हॅट्‌ट्रिक घेतली आणि अक्षय वाडकर या तरुण यष्टिरक्षकाने शतक ठोकले. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला ७८ धावांनी नमवून करंडक पुन्हा विदर्भाकडेच राहिला.

ही कथा सांगताना बहुतेक जण पंडितांच्या कडक शिस्तीचे गोडवे गातात. आम्हाला दुसरीच गोष्ट मोलाची वाटली. पंडित २०२० साली विदर्भ सोडून मध्य प्रदेशाकडे गेले आणि २०२२ साली मुंबईला हरवून त्या राज्यालाही पहिला रणजी करंडक मिळवून दिला. १९९८-९९ च्या अंतिम सामन्यात बंगळूरच्या ज्या मैदानावर त्यांच्या नेतृत्वाखालील मध्य प्रदेश हरला होता, तेच हे मैदान. परंतु ते गेल्यावर विदर्भ पुन्हा जुन्या वाटेने गेला नाही. २०२४-२५ च्या हंगामात उस्मान घनी प्रशिक्षक असताना विदर्भाने केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा करंडक जिंकला. त्या संघाचा कर्णधार कोण होता? सात वर्षांपूर्वी इंदूरला शतक ठोकणारा तोच अक्षय वाडकर. कारभारी कसा होता, हे तो असतानाच्या करंडकांवरून कळते त्याहून अधिक तो गेल्यानंतर तेथे काय उरले यावरून कळते.

दुसरे उदाहरण सातासमुद्रापलीकडचे आणि आपल्याकडे कोणी न खेळणाऱ्या बेसबॉलचे. अमेरिकेत या खेळाच्या संघात मैदानावरचा प्रशिक्षक वेगळा आणि कचेरीत बसून खेळाडू घेणारा, सोडणारा, प्रशिक्षकही नेमणारा कारभारी वेगळा. मालक पैसा देतो. संघाची घडण या कारभाऱ्याकडे असते. बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाने १९१८ नंतर अजिंक्यपद पाहिले नव्हते. २००२ साली त्यांनी थिओ एपस्टीन या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाकडे हा कारभार दिला. तो व्यावसायिक खेळाडू नव्हता. शिक्षणाने वकील होता. २००४ च्या ऐन हंगामात त्याने संघातील सर्वांत लाडक्या खेळाडूंपैकी एकाला दुसऱ्या संघाकडे धाडले. गावभर संताप झाला. पण मालकांनी त्याचा हात धरला नाही. त्याच वर्षी ८६ वर्षांचा दुष्काळ संपला.

पुढे २०११ साली शिकागोच्या कब्ज संघाने त्याला बोलावले. तेथे १९०८ पासूनचा दुष्काळ होता. पहिल्याच हंगामात, २०१२ मध्ये, तो संघ १६२ पैकी १०१ सामने हरला. दुसऱ्या वर्षी ९६, तिसऱ्या वर्षी ८९. त्यांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी आपल्या गटात तळाला. आपल्याकडे एवढे झाले असते तर कारभाऱ्याची उचलबांगडी किती वेळा झाली असती, याचा हिशेब वाचकांनीच करावा. शिकागोत ती झाली नाही. जुने खेळाडू देऊन नवी पोरे घ्यायची, ती वाढेपर्यंत हरायचे, हे नेमणाऱ्यांना आरंभीच ठाऊक होते आणि मान्य होते. २०१६ साली १०८ वर्षांनी अजिंक्यपद आले.

तिसरे उदाहरण अगदी ताजे. भारतीय महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षकाचे पद डिसेंबर २०२२ पासून काही महिने रिकामे होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते मुंबईच्या अमोल मुझुमदार यांना मिळाले. प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा केलेल्या या माणसाला भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नव्हता. २०२५ च्या विश्वचषकात संघ साखळीत ओळीने तीन सामने हरला, तेव्हा हीच गोष्ट काढून बोट दाखवणारे निघाले. पण संघाची घडी कोणी विस्कटली नाही. उपांत्य सामन्यात वांद्र्याच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा करून ऑस्ट्रेलियाला घरी पाठवले आणि २ नोव्हेंबर रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारताने चषक उचलला. त्या रात्री आमच्या गल्लीत दिवाळी पुन्हा आल्यासारखे फटाके वाजले.

हे शेवटचे उदाहरण आमच्या बैठकीनंतरचे. पहिली दोन मात्र आम्ही मनात घेऊन गेलो होतो. मुंबईच्या गृहस्थांनी आपल्या जुन्या सामन्यांच्या आठवणी सांगितल्या. त्या ऐकण्यासारख्या होत्या. शिफारशीच्या उमेदवाराने सामानाची यादी वाचून दाखवली. गुरुजी आत आले, बसले आणि त्यांनीच आम्हाला विचारायला आरंभ केला.

“अकरा जण कोण निवडणार? मी, की कार्यकारिणी?”

अध्यक्ष म्हणाले, “आपणच, गुरुजी. फक्त अंतिम यादी एकदा आम्हाला दाखवायची.”

“दाखवीन. पण नाव बदलायला सांगणार असाल तर आताच सांगा. आणि हरलो तर किती सामन्यांनी मला बोलावून घ्याल?”

कोणी उत्तर दिले नाही. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. गुरुजी शांतपणे पुढे म्हणाले, “मासेमारीबंदी १ जूनला लागते आणि ३१ जुलैला सुटते. बोटीवरची पोरे त्या दोनच महिन्यांत मोकळी असतात आणि तेव्हाच आपल्या मैदानात गुडघाभर पाणी असते. म्हणून ती संघाबाहेर राहतात. पावसाळ्यात शाळेचा हॉल मिळवून द्या. तिथे धावणे, झेल आणि व्यायाम घेतो. पहिल्या वर्षी निकाल मागू नका.”

ते गेल्यावर बराच वेळ वाद झाला. मोठ्या नावाने वर्गणी वाढेल असे एकाचे मत होते, तर फुकटचे सामान नाकारणे हा खजिनदारांना अव्यवहार वाटत होता. ही दोन्ही मते खोटी नव्हती. दरिद्री मंडळाला गणवेशही लागतात. तरीही आम्ही एवढेच विचारले की, या तिघांपैकी कोणाला बोटीवरच्या मुलांची सुट्टी ठाऊक होती? अखेर गुरुजींचे नाव ठरले. पण आमच्या मते त्या दिवसाचे खरे काम नाव ठरल्यावर झाले. एका कागदावर तीन वाक्ये लिहून सर्वांनी सह्या केल्या. मुदत तीन वर्षांची. संघनिवडीत कार्यकारिणीचा कोणीही हात घालणार नाही. निकालांचा आढावा हंगाम संपल्यावर, वर्षातून एकदाच.

त्या कागदाची परीक्षा लवकरच आली. पहिल्या हंगामात सातपैकी पाच सामने गेले. चौथ्या पराभवानंतर एका हितचिंतकांनी तातडीची बैठक मागितली. त्याच सुमारास, सरावाला न येणाऱ्या एका सभासदाच्या मुलाला गुरुजींनी वगळले होते. वडील आमच्या घरी आले. “तुम्ही सांगा, तुमचे ऐकतील,” म्हणाले. त्यांच्या जागी कोणीही बाप आला असता. रागावण्यासारखे त्यात काही नव्हते. आम्ही तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यावर त्यांचीही सही होती. त्यांनी तो दोनदा वाचला, चहा घेतला आणि निघून गेले. तातडीची बैठक झाली नाही. पुढच्या महिन्यात तो मुलगा स्वतःहून सरावाला येऊ लागला. घरी काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही.

आज दुसरा हंगाम चालू आहे. करंडक आलेला नाही आणि तो येईलच असे वचन गुरुजींनी कधी दिलेले नाही. सरावाला मात्र आता वीस-बावीस मुले असतात आणि त्यांत बोटीवरची तिघे आहेत. यंदाच्या जूनमध्ये, बाहेर पाऊस कोसळत असताना, शाळेच्या हॉलमध्ये झेलांचा सराव आम्ही पाहिला. मोठी मुले लहानांना पाय कसे ठेवावे हे दाखवत होती आणि गुरुजी कोपऱ्यात खुर्चीवर बसून वहीत काही टिपत होते. अर्धा तास ते एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी बोलण्याची गरजही पडली नाही.

विदर्भाने पंडितांना, शिकागोने एपस्टीनला घेतले, एवढे वाचून ‘असा माणूस आपल्याला कुठून मिळणार’ असे म्हणणारे अनेक भेटतात. माणसे मिळतात. बहुधा ती आपल्याच गल्लीत असतात आणि त्यांच्या वहीत आपल्याच मुलांची नावे असतात. अडचण नेमणाऱ्यांच्या बाजूला असते. आपल्या हातातली सत्ता किती सोडायची आणि पराभवाची किती वर्षे गिळायची, हे आधी ठरवणे कोणालाच आवडत नाही. वाचकांपैकी अनेक जण शाळेच्या, पतसंस्थेच्या, मंडळाच्या समितीवर असतील. पुढच्या वेळी अर्जांचा गठ्ठा सोडण्याआधी त्यांनी एक कोरा कागद घ्यावा आणि आपण काय द्यायला तयार आहोत ते त्यावर लिहून सही करावी. उमेदवाराचे नाव त्यानंतर घालता येते.