अम्मीचा मुसल्ला आणि समुद्रावरची खोली

जहाजावरची सर्वांत महागडी खोली घ्यायची म्हटल्यावर थोरल्या भाईजाननी एकच शब्द उच्चारला : इसराफ. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पण अम्मीचे गुडघे गेलेले, खुर्चीशिवाय नमाज होत नाही. साध्या खोलीत पलंग आणि भिंत यांच्यामध्ये एक मुसल्ला जेमतेम मावतो. आम्हाला सूट हवा होता तो जागेसाठी. (बाथटबसाठी मुलांना हवा होता, ते वेगळे.)

माल्याहून पहाटे निघालो. मुंबई बंदरातले सोपस्कार उरकून खोलीत शिरलो, तर अम्मी दारातच थबकली. "एवढ्यात तर आपलं अख्खं मुळशीचं घर बसेल गं!" म्हणाली आणि सोफ्याच्या अगदी कडेला बसली, परक्याच्या घरी बसावे तशी.

मग आम्ही खोली आपलीशी करायला घेतली. छोट्या फ्रिजमध्ये दारूच्या बाटल्या होत्या. खोली सांभाळणाऱ्या मुलाला विनंती केली, त्याने हसत उचलून नेल्या. घरून आणलेला लोटा न्हाणीघरात गेला. बेसिन उथळ आणि टबचा काठ उंच. अम्मीने पाय उचलून वुजू करणे धोक्याचे, म्हणून शॉवरखाली स्टूल ठेवले. मांस हलाल आहे का, हे आचाऱ्याला खात्रीने सांगता येईना, तेव्हा मासळी आणि भाजी यांवर भागवायचे ठरले. निघण्याआधी सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला. सर्वांना जीवरक्षक जाकिटांची माहिती दिली गेली. अम्मी कलमा पुटपुटत सगळे नीट ऐकत होती.

खरा प्रश्न किब्ल्याचा. लोखंडी जहाजात फोनचे होकायंत्र भरकटते. धाकट्याने टीव्हीवर जहाजाचा नकाशा लावला. आमची खोली उजव्या बाजूची. गोव्याकडे, म्हणजे दक्षिणेला जाताना उजवीकडे पश्चिम येते; मुंबईच्या समुद्रावरून किब्ला पश्चिमेलाच, किंचित उत्तरेकडे झुकलेला. म्हणजे गॅलरीचे दारच आमची दिशा! परतताना मात्र तोंड उलट, दरवाजाकडच्या भिंतीकडे. नमाज चालू असताना जहाज वळले तर आपणही वळायचे, हे अम्मीला तिच्या वडिलांनी शिकवलेले होते. प्रवास म्हणून जोहर, असर, इशाचे फर्ज दोन-दोन रकात.

मगरिबनंतर गॅलरीत उभे राहिलो. कुलाब्याचे दिवे मागे सरकत होते. अम्मी म्हणाली, "यातला थोडा उजेड आपल्या धरणाचा." खरेच आहे. मुळशीचे पाणी बोगद्यातून सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरते आणि तिथली वीज 1927 पासून मुंबईला जाते. 1921 साली ज्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, त्यांची भातखाचरे त्याच पाण्याखाली आहेत. माल्यात ही गोष्ट म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून येते. मुंबईत ती कुणाला सांगावी?

दिवे दिसेनासे झाल्यावर ती अब्बांबद्दल बोलू लागली. त्यांना हजला जहाजानेच जायचे होते. माझगावच्या येलो गेटवरून हाजींना निरोप द्यायला ते एकदा गेले होते. तेव्हापासून ट्रंकेत पैसे साठत होते. जिद्द्याला पोहोचायला बारा ते पंधरा दिवस लागत. 1995 मध्ये हजची जहाजे बंद झाली. पुढे ते पैसे माझ्या लग्नाला लागले, हे मला त्या रात्री प्रथम कळले. अब्बांनी कधी सांगितले नाही, अम्मीनेही नाही.

मी काही बोलू शकले नाही. "तुझ्या अब्बांना ही खोली नको असती," ती म्हणाली. "ते खाली डेकवर सतरंजी टाकून झोपले असते, आणि मलाही तिथंच झोपवलं असतं."

मग उठून तिने पलंगावरची जादा उशी काढली, आपली गोधडी पसरली आणि फजरला किती वाजता उठवायचे ते मला दोनदा सांगितले.